पैसे घ्यायचे की बदलीवर जायचं?

(पगाराचा हिशेब : लेखांक 9)

पत्र दोन पानांचं असतं. पहिल्या पानावर 'पुनर्रचनेमुळे आपले पद संपुष्टात येत आहे', दुसऱ्या पानावर ठळक अक्षरांत एक रक्कम. तिच्याखाली बारीक टायपात आणखी एक ओळ : 'अथवा आपणांस अमुक ठिकाणी पर्यायी पद देण्यात येईल. आठ दिवसांत कळवावे.' ही ओळ बरेच जण दुसऱ्या दिवशी वाचतात. पहिली रात्र त्या आकड्यातच जाते.

अशा रीतीने नोकरी संपवणं म्हणजे कपात, हे मागच्या लेखात पाहिलं. आज तो आकडा उसवून बघू.

समजा, चाकणच्या एका कारखान्यातला फिटर आहे. नोकरी 18 वर्षांची, बेसिक आणि डीए मिळून महिना 26,000, आणि कारखान्यात कामगार 300 हून कमी. (300 किंवा जास्त असतील तर सरकारची परवानगी लागते आणि नोटीसही तीन महिन्यांची.) 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार नोकरीच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार भरपाई म्हणून मिळतो. 1947 च्या कायद्यातही दर हाच होता, संहितेने तो वाढवलेला नाही. वर्षाला 13,000 धरा, 18 वर्षांचे झाले 2,34,000. नोटिशीऐवजी महिन्याचा पगार 26,000. संहितेने आणलेल्या पुनर्कौशल्य निधीतून आणखी 15 दिवसांचे 13,000, कपातीनंतर 45 दिवसांत खात्यावर. शेवटी ग्रॅच्युइटी : तिथे महिना 26 दिवसांचा धरतात, म्हणून रोज 1,000, वर्षाला 15,000, एकूण 2,70,000. बेरीज 5,43,000. पत्रात ठळक छापलेला आकडा हाच.

आता त्यातली ग्रॅच्युइटी पेन्सिलने खोडा. ती कपातीची भरपाई नव्हेच. या माणसाने उद्या स्वतःहून राजीनामा दिला असता तरी ती मिळालीच असती, आणि नोकरीत राहिला तर पुढच्या वाढलेल्या पगारावर मिळेल. शिल्लक रजेचे पैसे आणि पीएफ यांचंही तेच. पण पत्रात हे सगळं एकाच बेरजेत घालायची पद्धत आहे, कारण बेरीज भरघोस दिसते. तुमचेच पैसे तुम्हाला ताटात वाढून दाखवायचे, असा हा प्रकार.

खोडल्यावर उरतात 2,73,000. म्हणजे साडेदहा महिन्यांचं बेसिक-डीए. घरभाडे भत्ता आणि ओव्हरटाइम धरून घरात येणाऱ्या पगाराशी ताडलं तर त्याहूनही कमी महिने. तेवढ्या मुदतीत त्याच तोडीची नोकरी लागेल का, असा प्रश्न घरात मांडला तर बोलणं जमिनीवर येतं.

व्हीआरएसचं, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचं, गणित वेगळं असतं. 2019 साली बीएसएनएलने पन्नाशी गाठलेल्यांसाठी योजना आणली, तेव्हा झालेल्या नोकरीच्या दर वर्षाला 35 दिवसांचा आणि उरलेल्या वर्षाला 25 दिवसांचा पगार असा हिशेब होता. 78,569 जणांनी ती घेतली. तिथे पुढची वर्षंही मोजली गेली. कपातीच्या भरपाईत ती कुणी मोजत नाही.

आता ती बारीक टायपातली ओळ. पर्यायी पद सानंदला असो की होसूरला, गावाआधी लेटरहेड पाहावं. तीच कंपनी असेल तर ती बदली. समूहातली दुसरी कंपनी असेल, इथे राजीनामा घेऊन तिथे नवं नेमणूकपत्र देणार असतील, तर 18 वर्षांवर पाणी पडण्याची शक्यता असते : ग्रॅच्युइटीची पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून, आणि दोन वर्षांनी तिथेही कपात झाली तर भरपाई दोनच वर्षांची. 'सेवा अखंड धरली जाईल आणि पूर्वीची सेवा ग्रॅच्युइटी व भरपाईसाठी मोजली जाईल' हे वाक्य नव्या पत्रात लेखी हवं. एचआरमधला साहेब तोंडी 'अहो, ते होऊन जाईल' म्हणतो. साहेबाचीही बदली होतेच की!

शिवाय बिऱ्हाड हलवण्याचा खर्च कुणाचा, डीए कुठल्या राज्याच्या दराने, मुलांची शाळा वर्षाच्या मध्यात सुटते का, हेही विचारायचं. नव्या ठिकाणी पगार तोच राहून दुसरं भाडं सुरू झालं, तर बदलीच्या नावाखाली महिन्याला सात-आठ हजारांची घट होते.

ग्रॅच्युइटी सोडता वरचा सगळा हिशेब 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांचा आहे. व्यवस्थापक आणि 18,000 हून जास्त पगार घेणारे पर्यवेक्षक तिच्याबाहेर राहतात. त्यांनी कपाटातलं नेमणूकपत्र काढून वाचावं, भरपाई म्हणून त्यात असेल तेवढंच हाती लागतं.

एक विनंती मात्र सगळ्यांना. 'स्वखुशीने राजीनामा देत आहे' असा छापील कागद पुढे आला तर त्याच टेबलावर सही करू नका. घरी न्या. राजीनामा दिलेल्याला कपातीची भरपाई लागू होत नाही.