बुद्धीचे माप आणि माणसाची पारख

‘पोर मोठे हुशार आहे’ असे आपण सहज बोलून जातो. परंतु हुशार म्हणजे नेमके काय, असे कोणी विचारले तर उत्तर देताना अडखळतो. पाढे घडाघडा म्हणून दाखविणारा मुलगा हुशार म्हणावा, की भाजीवाल्याने मोड कमी दिली हे आईच्या आधी ओळखणारी मुलगी हुशार म्हणावी? मानसशास्त्रज्ञांचेही या बाबतीत एकमत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ साली असे मांडले की, निरनिराळ्या विषयांतील यशाच्या मुळाशी एकच सामान्य शक्ती असते. पुढे अमेरिकेत थर्स्टन यांनी ती अनेक प्राथमिक शक्तींत विभागली आणि गिलफर्ड यांनी तर तिचे शंभराहून अधिक घटक कल्पिले. गिलफर्ड यांच्याच विचाराचा आधार घेऊन पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीत, म्हणजे १९६२ साली डॉ. वि. वि. पेंडसे यांनी स्थापिलेल्या संस्थेत, बुद्धिमापनाचे पुष्कळ काम झाले. व्याख्येचा हा वाद मिटण्याची वाट न पाहता मापनाचे काम मात्र पुढे गेले, आणि ते गेले एका व्यावहारिक गरजेपोटी.

फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यावर शाळेत मागे पडणाऱ्या मुलांचा प्रश्न उभा राहिला. त्यांतील कोणाला निराळ्या शिक्षणाची गरज आहे आणि कोण केवळ आळशी किंवा दुर्लक्षित आहे, हे शिक्षकाच्या मर्जीवर सोडणे योग्य नव्हते. आल्फ्रेड बिने यांनी तेओदोर सिमाँ यांच्या साहाय्याने १९०५ साली ३० प्रश्नांची मापिका तयार केली. पुढे १९०८ च्या आवृत्तीत ‘मानसिक वय’ ही कल्पना आली. बहुसंख्य सात वर्षांच्या मुलांना जे जमते व सहा वर्षांच्यांना जमत नाही, ते सातव्या वर्षाचे काम होय. आठ वर्षांच्या मुलाने दहाव्या वर्षापर्यंतची कामे केली तर त्याचे मानसिक वय दहा. या दहाला आठाने भागून शंभराने गुणले म्हणजे १२५ येतात, हाच बुद्धिगुणांक. भागाकाराची ही युक्ती बिने यांची नव्हे. ती जर्मनीतील विल्यम स्टर्न यांनी १९१२ साली सुचविली आणि अमेरिकेत लुई टर्मन यांनी १९१६ साली रूढ केली. बुद्धी ही जन्मभर न बदलणारी ठरीव मात्रा आहे, असे मानण्यास बिने स्वतः तयार नव्हते.

प्रौढांच्या बाबतीत हा भागाकार निरुपयोगी ठरतो, कारण चाळीस वर्षांच्या मनुष्याचे मानसिक वय वीस वर्षांच्या मनुष्याच्या दुप्पट नसते. म्हणून डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ साली दुसरी रीत आणली. त्या वयाच्या सर्व लोकांची सरासरी १०० धरावयाची व व्यक्ती तिच्यापासून किती दूर आहे हे पाहावयाचे. या रीतीने सुमारे दोन तृतीयांश लोक ८५ ते ११५ यांच्या दरम्यान येतात. अर्थात हा अंक म्हणजे वजन किंवा उंचीसारखे स्वतंत्र माप नव्हे. तो मनुष्याचे रांगेतील स्थान सांगतो, आणि रांग कोणाची आहे यावर सर्व काही अवलंबून असते.

या ठिकाणी आपल्याकडील एका कामाची ओळख करून दिली पाहिजे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्यातील धारवाड परिसरात कानडी व मराठी बोलणाऱ्या हजाराहून अधिक मुलांना तपासून टर्मन यांच्या मापिकेचे भारतीय रूप सिद्ध केले. ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन’ हा त्यांचा ग्रंथ १९४० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. ‘बिने-कामत कसोटी’ या नावाने ती आजही देशभर परिचित आहे.

केवळ भाषांतर करून भागले नसते काय? भाषांतराचाच व्यवसाय करणाऱ्या माणसाने याचे उत्तर ‘नाही’ असे द्यावे, हे वाचकांना गमतीचे वाटेल. समजा, एखाद्या शब्दाचा अर्थ विचारावयाचा आहे आणि इंग्रजीत तो शब्द ‘एन्व्हलप’ असा आहे. मराठीत त्यासाठी ‘लिफाफा’ लिहिला तर एक काठिण्य येते. ‘पाकीट’ लिहिले तर पाच वर्षांचे मूलही उत्तर देते. परंतु ते बाबांच्या खिशातील पैशांचे पाकीट सांगते, आणि ते चूक म्हणावे की बरोबर, हा नवा पेच पडतो. वीसपासून उलटे आकडे म्हणण्याचे काम घ्या. इंग्रज मुलाला एकोणिसाच्या नावात ‘नऊ व दहा’ ऐकू येतात, तर मराठी मुलाला ‘एक कमी वीस’. काम तेच राहते, पण मनाला पडणारे श्रम तेच राहतात असे नाही. बिने यांच्या मापिकेत फ्रेंच ‘सू’ नाणी मोजण्याचा प्रश्न होता. त्याच्या जागी आपल्याकडे आणे-पै यांचा प्रश्न घातला असता, तर १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आल्यावर तोही हळूहळू बाद झाला असता.

म्हणून प्रत्येक प्रश्न मुलांसमोर ठेवून, तो कोणत्या वयाच्या बहुसंख्य मुलांना सुटतो हे नव्याने पाहावे लागते. जो प्रश्न कॅलिफोर्नियात आठव्या वर्षाचा, तो धारवाडात सहाव्या किंवा दहाव्या वर्षाचा ठरू शकतो. या सर्व खटाटोपास प्रमाणीकरण असे नाव आहे. कसोटी दुसऱ्यांदा घेतली असता साधारण तोच निकाल यावा, ही विश्वसनीयता. आणि जे मोजावयाचे तेच मोजले जावे, ही सप्रमाणता. काटा रोज दोन छटाक जास्त दाखवीत असेल तर तो विश्वसनीय आहे, पण त्याचे माप खरे नाही.

प्रमाणे जुनी होतात, हा याहून अवघड भाग आहे. जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली अमेरिकेतील आकडे तपासून दाखविले की, १९३२ ते १९७८ या काळात तेथील सरासरी सुमारे १४ गुणांनी वाढली होती. तेव्हा जुन्या पिढीच्या रांगेत आजच्या मुलाला उभे केले तर ते आहे त्याहून पुढे दिसते. हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी मुलाची तपासणी करताना ७० च्या आसपासची रेषा महत्त्वाची असते. आजच्या मुलांत ज्याचे खरे स्थान ६५ आहे, त्याला जुन्या प्रमाणांवर ७५ मिळाले तर ‘थोडे मंद आहे, अभ्यास करवून घ्या’ एवढ्यावर त्याची बोळवण होऊ शकते, आणि विशेष शिक्षणाचा व सवलतींचा त्याचा हक्क बुडतो. उलट घरी मराठी, गल्लीत हिंदी व शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत वाढणाऱ्या पहाडगंज किंवा करोलबागेतील मुलाला चुकीच्या भाषेत तपासले, तर शहाण्या मुलावर मंदत्वाचा शिक्का बसण्याचा धोका आहे. शिवाय उत्तम कसोटीतही दोन्ही बाजूंना सुमारे पाच गुणांची चूक धरावीच लागते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने बौद्धिक अक्षमतेच्या व्याख्येत बुद्धीच्या कार्याबरोबरच दैनंदिन व्यवहारातील जुळवून घेण्याची क्षमताही घातली आहे, हे योग्यच झाले. मूल स्वतः जेवते काय, दुकानातून वस्तू आणते काय, हे एकट्या अंकावरून कळत नाही.

भाषेची अडचण टाळण्यासाठी कृतीच्या कसोट्या निघाल्या. सी. एम्. भाटिया यांनी १९५५ साली उत्तर प्रदेशात साक्षर व निरक्षर अशा दोन्ही प्रकारच्या मुलांसाठी पाच कामांचा संच प्रसिद्ध केला. त्यांत रंगीत ठोकळ्यांची नक्षी जुळविणे, आकृती काढणे, चित्राचे तुकडे जोडणे अशी कामे आहेत. नागपूर येथे आर्थर मालिन यांनी वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या मापिकेचे भारतीय रूप केले. त्यात शाब्दिक व कृतिरूप असे दोन्ही भाग आहेत.

आता व्यक्तिमत्त्वाकडे वळू. बुद्धीच्या प्रश्नाला चूक किंवा बरोबर उत्तर असते; स्वभावाला ते नसते. ऑलपोर्ट व ऑडबर्ट या अमेरिकन संशोधकांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून माणसामाणसांतील फरक दर्शविणारे सुमारे १८,००० शब्द वेचले. तसा उद्योग मराठीत केल्यास ‘घुमा’, ‘चिकट’, ‘आतल्या गाठीचा’ असे शब्द हाती लागतील, आणि शेवटच्या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द शोधताना माझ्यासारख्याचा दिवस मोडेल. अशा शब्दांची गटवारी करूनच आजची पाच प्रमुख गुणांची प्रश्नावली घडली. तिच्यात स्वतःविषयी स्वतःच सांगावयाचे असते, आणि नोकरीचा उमेदवार स्वतःला आळशी म्हणवून घेण्याची शक्यता थोडीच!

या अडचणीवरचा भारतातील सर्वांत मोठा प्रयोग सैन्याधिकाऱ्यांच्या निवडीत पाहावयास मिळतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, ब्रिटिश नमुन्यावर येथे निवड मंडळे सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मानसशास्त्रीय संशोधन विभाग स्थापन झाला. तीच पुढे दिल्लीच्या तिमारपूर भागातील संरक्षण मानसशास्त्रीय संशोधन संस्था झाली. निवड मंडळाची परीक्षा सुमारे पाच दिवस चालते. उमेदवाराला एकेक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवितात व चार मिनिटांत गोष्ट लिहावयास सांगतात. अशी अकरा चित्रे, आणि बारावा कागद कोरा! त्यावर आपली गोष्ट आपणच कल्पावयाची. नंतर साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. मनात प्रथम येईल ते वाक्य लिहावयाचे. चित्रांची मूळ कल्पना मॉर्गन व मरे यांची, १९३५ मधील. चित्र संदिग्ध असल्याने पाहणारा आपल्या मनातीलच काही त्यात घालतो, असे तिच्यामागील गृहीत आहे. गृहीतच म्हणावयाचे, कारण एकट्या गोष्टीवरून केलेल्या निदानाची सप्रमाणता अनेक मानसशास्त्रज्ञांना मान्य नाही. त्यातच राजधानीत व इतरत्र अशा गोष्टी पाठ करवून घेणारे शिकवणीवर्ग निघाले आहेत. त्यांचे विद्यार्थी कोऱ्या कागदासाठीही तयार नायक घेऊन येतात.

म्हणूनच मंडळ एका साधनावर विसंबत नाही. मानसशास्त्रज्ञ केवळ लेखी कागद वाचतो, मुलाखत घेणारा अधिकारी प्रत्यक्ष बोलतो, आणि तिसरा अधिकारी मैदानावर फळ्या, दोर व पिंपे देऊन गटाला अडथळा ओलांडावयास लावतो. मनसा, वाचा, कर्मणा हीच ती त्रयी. तिघेही परस्परांना न विचारता आपापले मत बनवितात आणि अखेरच्या दिवशीच एकत्र बसतात. कागदावर शूर असलेला उमेदवार मैदानावर सोबत्याच्या हातातील दोर हिसकावून घेताना दिसला, तर ते त्या बैठकीत निघते. न निवडलेल्या उमेदवाराला वयाची अट पाळून पुन्हा येता येते, आणि आधी नाकारले गेलेले काही जण पुढे निवडलेही जातात.