एकच बिअर, दोन ग्लास आणि शेतकऱ्यांचं विरजण

आजचा एपिसोड बिअरवर आहे. पिण्याचं वय झालं नसेल तर नुसतं ऐका, गोष्ट त्याशिवायही भारी आहे.

कंपनीच्या प्रोजेक्टमुळे मी सध्या नॉर्वेत, बर्गनला असतो. इथल्या एका छोट्या ब्रुअरीने गंमतच केली. माल्ट एकच, ज्युनिपरच्या फांद्या टाकून उकळलेलं पाणी एकच, तापमानही एकच. फरक फक्त यीस्टचा. एका टाकीत लॅबने वेगळी काढलेली एकच जात, दुसरीत वोस भागातल्या शेतघरातून आलेलं मूळ मिश्रण. दोन्ही ग्लास शेजारी ठेवून चाखायचे.

या यीस्टला म्हणतात क्वाइक. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी ते पिढ्यानपिढ्या सांभाळलं, अगदी आपल्या विरजणासारखं. खराब झालं तर शेजारून आणायचं. फक्त बिअर रोज बनायची नाही. नाताळ, लग्न, कापणी अशा निमित्तानेच. म्हणून लाकडी कड्यांच्या साखळीला यीस्ट माखून ती वाळवून टांगायची. काही महिन्यांनी कडं बुडवलं की यीस्ट पुन्हा जागं! काही गावांत तर यीस्ट घालताना मोठ्याने ओरडायची पद्धत होती. (आमच्या डिप्लॉयमेंटला हे लागू करायला हरकत नाही.)

इंजिनिअर म्हणून मला खरं वेड लावलं ते तापमानाने. नेहमीचं एल यीस्ट 20 अंशांच्या आसपास खूश असतं. 35च्या वर नेलं की बिअरला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आणि घशात जळजळ. क्वाइक मात्र 40 अंशांपर्यंत आरामात काम करतं आणि दोन-तीन दिवसांत बहुतेक साखर संपवतं. शेतकऱ्यांकडे थर्मामीटर कुठला? द्रव धारोष्ण दुधाइतका कोमट झाला की यीस्ट घालायचं, हेच त्यांचं माप. पिढ्यानपिढ्या त्यात जे तगलं, तेच पुढच्या वेळी वापरलं गेलं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात क्वाइक हा पाळीव यीस्टचा वेगळाच गट असल्याचं दिसलं.

आता चव. लॅबवाला ग्लास स्वच्छ: संत्र्याची साल, थोडा मध, संपलं. छान, पण एकसुरी. दुसऱ्यातही संत्रं होतंच, पण मागे ज्युनिपरचा राळेसारखा कडवटपणा जास्त जाणवला आणि शेवटी भाजलेल्या पावासारखं काहीतरी रेंगाळलं. फेस दोन्हींत कमी. शेतघरातली बिअर ताजीच, फारशी न फसफसणारी पितात. मला दुसरा ग्लास आवडला, टेबलावरच्या बाकीच्यांना पहिला.

वाद चवीपुरता नाहीये. विसाव्या शतकात बऱ्याच घरांनी दुकानातलं यीस्ट आणायला सुरुवात केली आणि त्यांचं क्वाइक कायमचं गेलं. उरलेलं जगासमोर आणण्यात लार्स मारियुस गार्शोल या माणसाचा मोठा वाटा. तो सॉफ्टवेअर इंजिनिअर, बरं का! गावोगाव फिरून त्याने पद्धती नोंदवल्या, 2020मध्ये पुस्तक काढलं. आज वोसचं यीस्ट पाकिटात विकत मिळतं, पण त्यात बहुधा एकच जात असते. शेतघरातल्या क्वाइकमध्ये सहसा अनेक जाती एकत्र नांदतात. म्हणजे एक फाइल कॉपी झाली, अख्खं फोल्डर नाही. ते टिकवायचं तर कुणीतरी घरी बिअर बनवत राहायला हवं.

कुठे मिळाली तर बर्फगार पिऊ नका. ग्लास दहा मिनिटं तसाच ठेवा, संत्र्याच्या मागचं बाकीचं तेव्हाच कळतं.