माहिती मिळाली, आता ती पारखावी

पीक पिकविणे हे शेतकऱ्याच्या कष्टावर अवलंबून असते. परंतु त्या कष्टाचे मोल त्याच्या पदरात किती पडते, हे बऱ्याच अंशी त्याला मिळणाऱ्या माहितीवर ठरते. पूर्वी लासलगावचा कांद्याचा भाव आसपासच्या खेड्यांत पोहोचे तो बाजाराहून परतणाऱ्या माणसाच्या तोंडून. आज तोच भाव शेतकऱ्याच्या हातातील मोबाइलवर त्याच दिवशी दिसतो. या सोयीने नाशिक जिल्ह्याच्या शेतीस मोठा लाभ झाला आहे. तसेच काही नवे धोकेही उत्पन्न झाले आहेत. दोहोंचा विचार करणे अगत्याचे आहे.

लाभ कोणते?

चाळीत साठविलेला उन्हाळ कांदा केव्हा व कोठे विकावा, हा प्रश्न दर वर्षी उभा राहतो. बाजारातील दर व आवक यांची माहिती देणारी केंद्र शासनाची ‘ॲगमार्कनेट’ ही व्यवस्था २००० सालापासून चालू आहे. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला व मनमाड येथील दर घरबसल्या ताडून पाहता येतात. वाहतुकीचा खर्च वजा जाता कोठे अधिक पैसे सुटतील, याचा हिशेब माल भरण्यापूर्वीच करता येतो.

द्राक्षबागेतही असाच उपयोग होतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाने फार वेळ ओली राहिल्यास केवडा रोग झपाट्याने पसरतो. तापमान, आर्द्रता व पाऊस यांची आपोआप नोंद करणारी हवामान केंद्रे आता उपलब्ध आहेत. त्या नोंदी पाहून फवारणीची वेळ ठरविली, म्हणजे शेजाऱ्याने औषध मारले म्हणून आपणही मारावे, ही रीत टळते. खर्च वाचतो व मण्यांत औषधाचे अवशेष राहण्याची भीतीही कमी होते.

हानी कशी होते?

खरी माहिती ज्या वेगाने येते, त्याच वेगाने खोटी वार्ताही येते. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीचे मांस खाल्ल्याने करोना होतो, अशी निराधार अफवा मोबाइलवरून पसरली. मागणी एकाएकी घटली व कुक्कुटपालकांना पक्षी उत्पादनखर्चाहून कितीतरी कमी भावाने विकावे लागले. रोग कोंबड्यांत नव्हता. नुकसान मात्र खरे झाले.

अफवेने माणसांचे प्राणही घेतले आहेत. १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारे आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठार केले. संदेश पुढे पाठविणाऱ्यांपैकी कितीजणांनी खात्री करून घेतली असेल?

अर्धवट माहितीही घातक असते. एखाद्या निवडक वक्कलास मिळालेला कमाल दर सर्वत्र कळविला जातो. त्या आशेने माल नेणाऱ्यास सर्वसाधारण दर मिळतो आणि त्याची निराशा होते. एका बागेस लागू पडलेली फवारणी दुसऱ्या बागेस चालेलच असे नाही; कारण छाटणीची तारीख व वेलीच्या वाढीची अवस्था भिन्न असते.

नाशिकचा जुना अनुभव

या बाबतीत एक जुना प्रयोग मार्गदर्शक ठरतो. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने नाशिक, पुणे, अहमदनगर, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालविली. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत व आपल्या शंका केंद्राकडे कळवीत. जेथे नुसताच रेडिओ होता, त्या गावांपेक्षा मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात पुष्कळ अधिक भर पडल्याचे पाहणीत दिसून आले. मोबाइल मात्र प्रत्येकजण एकटाच पाहतो. ही उणीव आपणच भरून काढली पाहिजे.

काय करावे?

१. संदेश कोणी दिला, कोणत्या दिवशी व कोणत्या गावासाठी, हे प्रथम पाहावे. दिनांक नसलेला संदेश पुढे पाठवू नये.

२. बाजारभाव पाहताना केवळ कमाल दर न पाहता सर्वसाधारण दर व आवकही पाहावी.

३. औषधाविषयी शंका असल्यास कृषी विद्यापीठाची किंवा मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस पाहावी, अथवा किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर विनामूल्य विचारावे.

४. अनुदानाचे आमिष दाखविणारा अनोळखी संदेश उघडू नये. ओटीपी कोणासही सांगू नये. पैसे गेल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आठवड्यातून एक सायंकाळ यासाठी राखून ठेवावी. चावडीवर किंवा पारावर शेतकरी बंधुभगिनींना जमवून, त्या आठवड्यात आलेले संदेश मोठ्याने वाचावेत व त्यांतील खरे कोणते, खोटे कोणते, आपल्या शिवारास लागू कोणते, याची चर्चा घडवून आणावी. ज्यांच्याजवळ मोबाइल नाही त्यांनाही अगत्याने बोलवावे. भावातील चढउतार आणि अफवेची झळ त्यांनाही सारखीच सोसावी लागते.