आगमनकाल
आगमनकाल : (ॲडव्हेंट). ख्रिस्ती उपासनावर्षाचा आरंभीचा, नाताळपूर्वीचा सुमारे चार आठवड्यांचा कालखंड. ‘येणे’, ‘आगमन’ या अर्थाच्या ‘आद्‌व्हेन्तुस’ या लॅटिन शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. संत आंद्रिया याच्या सणाला (३० नोव्हेंबर) जो रविवार सर्वांत जवळ असेल, त्या दिवशी हा काल सुरू होतो; म्हणजे तो २७ नोव्हेंबरपूर्वी किंवा ३ डिसेंबरनंतर सुरू होत नाही. त्याची लांबी २२ ते २८ दिवस भरते आणि त्यात चार रविवार येतात. सिरियन परंपरेतील केरळीय ख्रिस्ती लोक १ डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचा उपवास पाळतात, तर ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथात ही साधना चाळीस दिवसांची असते.

या कालाची जडणघडण एकदम झाली नाही. स्पेनमधील सारागोसा येथील धर्मपरिषदेने ३८० मध्ये १७ डिसेंबरपासून तीन आठवडे लोकांनी चर्चमध्ये नियमाने उपस्थित राहावे, असे ठरविले. पाचव्या शतकात गॉलमध्ये ११ नोव्हेंबरपासून उपवास करण्याची प्रथा पडली. रविवारांची चार ही संख्या निश्चित करण्याचे श्रेय सामान्यतः पोप पहिला ग्रेगरी (कार. ५९०–६०४) याला देतात. रोमन विधीत १६ डिसेंबरपर्यंतच्या वाचनांचा रोख ख्रिस्ताच्या द्वितीय आगमनाकडे, म्हणजे जगाच्या अखेरच्या न्यायाकडे असतो. १७ डिसेंबरपासून तो बेथलेहेममधील जन्माकडे वळतो. त्यामुळे आगमनकाल म्हणजे केवळ नाताळची पूर्वतयारी, हा समज अपुरा आहे. त्यात एक स्मरण आहे आणि एक अपेक्षाही आहे. यशया संदेष्टा, बाप्तिस्मा करणारा योहान आणि मरिया ही या कालातील तीन प्रमुख पात्रे होत. पुरोहिताची वस्त्रे जांभळी असतात व तिसऱ्या रविवारी ती गुलाबी रंगाची चालतात. चार मेणबत्त्या लावलेले हिरव्या डहाळ्यांचे कडे मात्र पुष्कळ अलीकडचे आहे. हँबर्ग येथील योहान हिन्‌रिख व्हिखेर्न या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने आपल्या अनाथाश्रमातील मुलांना नाताळ किती दूर आहे हे दिसावे म्हणून ते १८३९ मध्ये प्रथम टांगले.

विद्यापीठांतील उपासनामंदिरे : आगमनकालाला विद्यापीठीय जीवनात विशेष स्थान मिळाले ते इंग्लंडमध्ये, आणि त्याचे कारण बरेचसे व्यावहारिक आहे. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील पहिले सत्र डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. विद्यार्थी नाताळला घरी असतात. म्हणून महाविद्यालयीन चॅपेलमध्ये सामुदायिक उपासना व गायन होते ते आगमनकालात. नऊ वाचने व गीते यांचा सुप्रसिद्ध विधी ट्रूरो येथे १८८० मध्ये एडवर्ड व्हाइट बेन्सन याने योजिला आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये तो १९१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला एरिक मिल्नर-व्हाइट याने आणला. मिल्नर-व्हाइट पहिल्या महायुद्धात सैन्याचा धर्मगुरू होता. आघाडीवरून परतलेल्या तरुणांना रूढ प्रार्थना कोरड्या वाटतात, हे त्याने जाणले होते. १९२८ पासून हा विधी नभोवाणीवरून प्रसारित होऊ लागला व जगभर त्याचे अनुकरण झाले.

पुण्यातील आश्रम : या विद्यापीठीय परंपरेतील काही तरुण विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पुण्यास आले आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती उपासनेचा एक महत्त्वाचा प्रयोग त्यांच्या हातून घडला. जॉन कॉप्ली विन्स्लो (१८८२–१९७४) हा ऑक्सफर्डचा पदवीधर अँग्लिकन मिशनरी १९१४ मध्ये भारतात आला व अहमदनगर (आता अहिल्यानगर) भागात काम करू लागला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा त्याच्यावर खोल प्रभाव पडला. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापून चर्चच्या चौकटीबाहेर भारतीय वळणाचा भक्तसमुदाय उभारण्याचा प्रयत्न केला होता. १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूने तो खुंटला. विन्स्लोने १९२२ मध्ये अहमदनगर येथे ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. पुढे १९२७–२८ च्या सुमारास संघाचा आश्रम पुण्यास शिवाजीनगर येथे आला.

आश्रमात इंग्रज व भारतीय एकत्र राहत. अंगावर खादी, भोजन शाकाहारी, बसणे-जेवणे जमिनीवर आणि उपासनामंदिरात प्रवेश अनवाणी, असा तेथील क्रम होता. यातील एकेक गोष्ट आज किरकोळ वाटेल. परंतु गोऱ्या मिशनऱ्याचा बंगला व एतद्देशीय ख्रिस्ती माणसाची वस्ती यांत त्या काळी जे अंतर होते, ते ध्यानात घेता आश्रमाच्या पंगतीचे महत्त्व कळते. सेवा हा शब्द संघाच्या नावातच होता, आणि सेवा करणारा व घेणारा यांच्यातील पायरी काढून टाकल्याशिवाय तो खरा ठरणार नाही, अशी विन्स्लोची धारणा होती. उपासनेच्या बाबतीतही त्याने इंग्रजी प्रार्थनापुस्तकाचा अनुवाद पुरेसा मानला नाही. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी सिरियन परंपरेतील संत याकोबाच्या विधीवर आधारलेला भारतीय उपासनाविधी सुचविला.

संघात १९२७ मध्ये आलेल्यांपैकी व्हेरिअर एल्विन (१९०२–६४) हा ऑक्सफर्डचा विद्वान सर्वांत प्रसिद्ध होय. जानेवारी १९२८ मध्ये तो साबरमतीस गांधीजींना भेटला व त्यांच्या विचारांकडे ओढला गेला. १९३० च्या सत्याग्रहाचे त्याने उघड समर्थन केले. त्यामुळे सरकारचा रोष ओढवला. अखेर तो संघाबाहेर पडला आणि आश्रमातील सहकारी शामराव हिवाळे यांच्यासह १९३२ मध्ये मध्य प्रांतातील करंजिया येथे गोंडांमध्ये काम करू लागला. संघातही मतभेद झाले. १९३४ मध्ये विन्स्लो भारतातून परतला आणि संघाचे दोन भाग झाले. इंग्लंडमधील शाखा फ्रान्सिस्कन वळणाच्या दुसऱ्या बंधुसंघात मिळाली व त्यातून आजची अँग्लिकन ‘सोसायटी ऑफ सेंट फ्रान्सिस’ घडली; पुण्यातील शाखा ‘ख्रिस्त प्रेम सेवा संघ’ या नावाने चालू राहिली. तिचे आचार्य विल्यम लॅश हे पुढे मुंबईचे बिशप (१९४७–६१) झाले. पुण्यातील एका छोट्या आश्रमातून इंग्लंडमधील संन्याससंघाला चालना मिळावी, हा मिशनरी इतिहासातील उलटा प्रवाह म्हणावा लागेल.

मध्यंतरी ओस पडलेला आश्रम १९७२ मध्ये पुन्हा सुरू झाला. या वेळी तेथे कॅथलिक व अँग्लिकन संघांतील भगिनी एकत्र राहू लागल्या. त्यांतील सारा ग्रँट (१९२२–२००२) यांनी मुंबईच्या सोफिया महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविले होते. शांकर अद्वैताचा त्यांचा अभ्यास मान्यता पावलेला होता. उपनिषदांतील वचने, भजन, ध्यान व आरती यांना या आश्रमाच्या प्रार्थनेत स्थान मिळाले. अंधारातून प्रकाशाकडे नेण्याची बृहदारण्यक उपनिषदातील याचना आगमनकालाच्या भावाशी किती जुळते, हे वेगळे सांगावयास नको.

विधीतील बदल : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेत उपासना करण्यास वाट मोकळी केली. रोमने २५ एप्रिल १९६९ रोजी भारतातील उपासनेसाठी बारा अनुकूलनांना मान्यता दिली. जमिनीवर बसणे, पादत्राणे काढणे, अंजलिहस्त व पंचांगप्रणाम, आरती आणि मेणबत्त्यांऐवजी तेलाचे दिवे ही त्यांतील काही होत. परिणामी आगमनकालाच्या चार मेणबत्त्यांच्या जागी समईच्या चार वाती लावता येऊ लागल्या. या प्रयोगांचे एक मोठे केंद्र पुण्यातच होते. पोप तेरावा लिओ याने १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे स्थापिलेले पोपप्रणीत धर्मविद्यालय १९५५ मध्ये पुण्यास नगर रस्त्यावर हलविण्यात आले. त्याच्याशी निगडित तत्त्वज्ञान व धर्मविद्या यांचे विद्यापीठ ‘ज्ञानदीप विद्यापीठ’ म्हणून ओळखले जाते. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील विद्यार्थी तेथे एकत्र राहतात, त्यामुळे इंग्रजीबरोबर अनेक भारतीय भाषांतील गीते एकाच उपासनामंदिरात ऐकू येतात.

या अनुकूलनांवर दोन बाजूंनी टीका झाली. काही परंपरानिष्ठ कॅथलिकांना त्यांत ख्रिस्ती धर्माचे हिंदूकरण दिसले. दुसरी टीका अधिक मूलगामी आहे. अहमदनगर, जालना, सोलापूर या भागांतील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे पूर्वाश्रमीच्या महार व मांग समाजांतील. ज्या संस्कृत मंत्रांपासून व मंदिराच्या गाभाऱ्यापासून त्यांच्या पूर्वजांना दूर ठेवण्यात आले, तेच भारतीयत्वाचे लक्षण म्हणून त्यांच्यापुढे का ठेवावे, असा हा प्रश्न होता. १९८१ मध्ये बंगलोर येथे अरविंद निर्मळ यांनी दलित धर्मविद्येची जी मांडणी केली, तिने या प्रश्नाला तात्त्विक रूप दिले. आगमनकालात वाचले जाणारे मरियेचे स्तोत्र लीनांना उंचावण्याविषयी व बलवंतांना आसनावरून ओढून काढण्याविषयी आहे. दलित ख्रिस्ती श्रोत्याला ते समईपेक्षा जवळचे वाटले, तर त्यात नवल नाही. ग्रामीण मराठी मंडळ्यांनी भारतीयत्वाचा प्रश्न एका परीने आधीच सोडविला होता : टिळक व कृष्ण रत्नाजी सांगळे यांची पदे टाळ-पेटीच्या साथीने ‘उपासना संगीता’तून गाणे त्यांच्या अंगवळणी पडले होते.

मराठीत प्रतीक्षेचा विषय त्याहून कितीतरी जुना आहे. फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचा (१६१६) पहिला खंड जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या आगमनाची वाट पाहणाऱ्या संदेष्ट्यांपर्यंत येऊन थांबतो. ख्रिस्तचरित्र दुसऱ्या खंडात आहे. आगमनकालाचे वाङ्‌मयीन रूप म्हणून या पहिल्या खंडाकडे पाहता येईल. त्याची देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून काढली.

मावळ व लोणावळे : बोरघाटातून लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला आणि लोणावळ्यास रेल्वेची वसाहत उभी राहिली. इंजिनांचे कारखाने, रेल्वेची शाळा, प्रॉटेस्टंट व रोमन कॅथलिक चॅपेल यांचा उल्लेख जुन्या गॅझेटियरांत आढळतो. विद्यापीठाच्या नव्हे, तर कारखान्याच्या भोवती जमलेला हा समुदाय होता. पुढे खंडाळा व लोणावळा परिसरात अनेक ख्रिस्ती संघांनी विश्रांतीची व एकांतसाधनेची निवासस्थाने बांधली.

हंगामाचा एक भेद येथे लक्षात येतो. उत्तर युरोपात आगमनकाल हा लांब रात्रींचा व थंडीचा. तेथील गीतांत काळोख व बर्फ सर्वत्र आहे. मावळात त्याच दिवसांत भाताची कापणी उरकलेली असते, आकाश निरभ्र असते आणि डिसेंबरातही दिवस अकरा तासांचा असतो. कार्तिक वद्य एकादशीची आळंदीची यात्रा व मार्गशीर्षातील दत्तजयंती याच सुमारास येतात. नाताळसाठी घरोघरी लावला जाणारा ताऱ्याच्या आकाराचा कंदील दिवाळीच्या आकाशकंदिलाशी नाते सांगतो.

विशिष्ट काळापुरते एकत्र राहून साधना करण्याची कल्पना मावळाला नवीन नाही. कार्ले येथील लेण्यांतील एका शिलालेखात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने वलूरक येथील लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिल्याची नोंद आहे. येथील चैत्यगृहाची मध्यवर्ती दालन, स्तंभरांगा, बाजूच्या वाटा व अर्धवर्तुळाकार टोक ही रचना पाहून स्थापत्येतिहासकार जेम्स फर्ग्युसन (१८०८–८६) याने त्याची तुलना प्रारंभीच्या ख्रिस्ती चर्चशी केली, आणि त्याच्या मापांना नॉरिच येथील कॅथीड्रलच्या गायकमंडपाची मापे जवळची ठरविली. (पुण्याच्या महाविद्यालयाला ज्याचे नाव आहे, तो गव्हर्नर फर्ग्युसन वेगळा.) ही समानता उसनवारीची नव्हे, पुष्कळ माणसांनी एका दिशेस तोंड करून एकत्र उभे राहावयाचे, तर इमारत लांबट व टोकाशी पूज्य स्थान असलेली होणारच.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती संघटनेच्या इतिहासातही आगमनकालाचा एक दिवस कोरला गेला आहे. अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेसबिटेरियन आदी सहा चर्चसंस्था एक होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाली, तो आगमनकालाचा पहिला रविवार होता. पूर्वी वेगवेगळ्या मिशनांच्या असलेल्या पुणे जिल्ह्यातील अनेक मंडळ्या तेव्हापासून एकाच चर्चसंस्थेत आल्या.