काढण्याआधी यादी वाचा

उबुंटू किंवा डेबियनवर एखादे पॅकेज बसवले की त्याच्या फाइली एका जागी राहत नाहीत. चालणारी फाइल एकीकडे जाते, सेटिंग दुसरीकडे, मदतीची पाने तिसरीकडे. कोणती फाइल कुठल्या पॅकेजची, याची नोंद डीपीकेजी हा प्रोग्राम ठेवतो. त्यामुळे नको झालेल्या सॉफ्टवेअरचे फोल्डर शोधून हाताने डिलीट करणे हा सर्वांत वाईट मार्ग. फाइली जातात, नोंद तशीच राहते, आणि तेच सॉफ्टवेअर पुन्हा बसवायला गेले की ‘ते आहेच’ असे उत्तर मिळते.

हे काम ॲप्टवर सोपवावे. 1999 साली डेबियन 2.1 बरोबर आलेले हे साधन पॅकेजांची आपसांतली नाती पाहते. एका पॅकेजला चालायला दुसरे लागते, दुसऱ्याला तिसरे. बसवताना ही सगळी साखळी आपोआप येते, म्हणून तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. काढताना मात्र ती उलटी ओढली जाते: खालचे पॅकेज काढले की त्याच्या आधारावरची सगळी जातात.

पायथनचे उदाहरण नेहमीचे आहे. जुनी आवृत्ती काढून नवी टाकावी, इतकाच साधा विचार असतो. पण उबुंटूची स्वतःचीच कित्येक साधने पायथनमध्ये लिहिलेली आहेत. ‘ॲप्ट रिमूव्ह पायथन3’ अशी कमांड दिली की काढायच्या पॅकेजांची लांबलचक यादी टर्मिनलवर येते आणि तिच्यात डेस्कटॉपचे भागही असतात. शेवटी ‘पुढे जायचे का?’ हा प्रश्न. त्यातला होकाराचा वाय मोठ्या लिपीत असतो. म्हणजे नुसते एंटर दाबले तरी होकारच धरला जातो. सवयीने एंटर दाबणाऱ्यांचे मशीन इथेच बसते. कमांडला ‘-एस’ जोडले तर प्रत्यक्षात काही न काढता फक्त यादी दिसते. ती निवांत वाचावी.

नवे काही बसवतानाही जुने जाऊ शकते. 2021 मध्ये एका प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या उबुंटूवर आधारलेल्या प्रणालीवर स्टीम हे गेमचे दुकान बसवायला घेतले. त्या वेळी पॅकेजांत दोष होता आणि काढायच्या यादीत अख्खा डेस्कटॉप आला. ॲप्टने धोक्याचा इशारा दिला, ‘होय, सांगतो तसे कर’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य टाइप करायला लावले. त्याने ते केले, आणि डेस्कटॉप गेला. चूक कुणाची यावर बरीच भांडणे झाली. पुढे ॲप्टमधली ही वाट आणखी अवघड करण्यात आली.

‘रिमूव्ह’ने प्रोग्राम जातो, पण ‘ईटीसी’ फोल्डरातली सेटिंग मागे राहते. ‘पर्ज’ तीही पुसते. पुन्हा बसवायचा विचार असेल तर पहिले बरे. पोस्टग्रेसक्यूएलसारखा डेटाबेस पर्ज करताना साठवलेली माहितीही पुसायची का, असे विचारले जाते. तिथे घाई नको. वापरणाऱ्याच्या होम फोल्डरातल्या फाइलींना ॲप्ट सहसा हात लावत नाही. उबुंटू 22.04 पासून फायरफॉक्स स्नॅप या वेगळ्या प्रकारच्या पॅकेजच्या रूपात येतो, तो स्नॅपच्याच कमांडने काढावा लागतो.

‘ऑटोरिमूव्ह’ ही कमांड इतरांसाठी आलेली आणि आता कुणालाच न लागणारी पॅकेजे काढते. जुन्या कर्नलांनी भरलेली जागा मोकळी करायला ती उत्तम. यादीत एखादे हवे असलेले पॅकेज दिसले तर आधी ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ने त्याच्यावर खूण करावी, म्हणजे ते वाचते.

एवढे करूनही डेस्कटॉप गेलाच, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकदम दाबून सहसा साधे टर्मिनल मिळते. ‘व्हार’ फोल्डरातल्या लॉगमध्ये ॲप्टची हिस्टरी असते. कोणत्या वेळी कोणत्या कमांडने काय काय काढले, हे तिच्यात नावांसह लिहिलेले असते. ती नावे पाहून पॅकेजे परत बसवता येतात. इंटरनेट मात्र चालू हवे.