पत्त्याची मालकी कोणाची?

आमच्या भागातल्या विज्ञानशिक्षकांचे एक छोटे मंडळ आहे. सहलींचे अहवाल, कमी खर्चाच्या प्रयोगांच्या कृती असे साहित्य ते इंटरनेटवर ठेवत असे. एका वर्षी पत्त्याचे शुल्क भरायची तारीख चुकली. सूचना ज्यांच्या नावे यायची ते सर निवृत्त झाले होते. काही महिन्यांनी एका विद्यार्थिनीने तो पत्ता टाइप केला, तर समोर मनगटी घड्याळांची जाहिरात! साहित्य मंडळाच्या संगणकावर शाबूत होते. गेला होता तो फक्त पत्ता. पण शाळाशाळांतल्या तक्त्यांवर तोच छापलेला होता. नव्या धारकाने परत देण्यासाठी सांगितलेली रक्कम मंडळाच्या वर्षाच्या खर्चाहून मोठी होती.

चूक मंडळाची, हे मान्य. पण मग तो पत्ता आधी तरी मंडळाचा होता का? याचे उत्तर शोधताना या पत्त्यांची व्यवस्था मुळात कशी चालते ते पाहावे लागते.

इंटरनेटवरच्या संगणकांना आकड्यांचे पत्ते असतात. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे आली. सुरुवातीला सगळ्या नावांची एकच यादी होती. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत ती ठेवलेली असे आणि बाकीचे संगणक तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तशी ही पद्धत पुरेना. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी यादी तोडून वाटून देण्याची युक्ती काढली. तीच आजची डोमेन नावांची पद्धत.

हे नाव उजवीकडून डावीकडे वाचायचे. 'एक्झाम्पल डॉट ऑर्ग' हा पत्ता घ्या. (असल्या उदाहरणांसाठीच तो मुद्दाम राखून ठेवला आहे.) आपला संगणक आधी 'मुळा'ला विचारतो, "ऑर्गची यादी कोणाकडे आहे?" मुळाला पूर्ण पत्ता माहीत नसतो, तो फक्त ऑर्गच्या नोंदवहीकडे बोट दाखवतो. ती नोंदवही 'एक्झाम्पल'च्या संगणकाकडे बोट दाखवते आणि तिथे अखेर आकडा मिळतो. गावात आलेला पाहुणा आधी आळी, मग वाडा, मग घर विचारत जातो, तसेच हे.

आता खरी मेख. प्रत्येक पातळीवर नोंदवही एकच असावी लागते. दोन वह्यांत एकाच नावापुढे दोन आकडे आले, तर एकच पत्ता टाकून दोन माणसे दोन ठिकाणी पोचतील. म्हणजे इथली मक्तेदारी कोणा व्यापाऱ्याच्या लबाडीतून आलेली नाही; ती रचनेतच आहे. आणि मक्तेदारी टाळता येत नसेल, तर ती कोणाच्या हाती, कोणत्या अटींवर, हा प्रश्न निघणारच.

बरीच वर्षे तो कोणी विचारला नाही. कॉम, एज्यु, गव्ह, ऑर्ग ही वरची नावे १९८४-८५ च्या सुमारास ठरली. कॉम व्यापाराला, ऑर्ग उरलेल्या संस्थांना, अशी साधी वाटणी होती. मूळ यादीची देखरेख जॉन पोस्टेल नावाचे दाढीवाले संशोधक करीत आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. नावे फुकट मिळत. १९९३ पासून नोंदणीचे काम नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीकडे होते, पण खर्च अमेरिकी सरकार सोसत होते. सप्टेंबर १९९५ मध्ये कंपनीला शुल्क घेण्याची परवानगी मिळाली: पहिल्या दोन वर्षांसाठी १०० डॉलर. नोंदवहीत एक ओळ घालण्याचे हे दाम, आणि गिऱ्हाइकाला जायला दुसरे दुकान नाही!

पोस्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी वरची नावे काढून स्पर्धा आणण्याचे बेत केले. कंपनीचा त्याला विरोध होता आणि नावांवर आपला हक्क सांगणाऱ्या व्यापारचिन्हांच्या मालकांनाही धास्ती वाटत होती. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी मूळ यादी सांभाळणाऱ्या तेरापैकी आठ संगणकांच्या चालकांना ई-मेल पाठवून सांगितले, की यादीची प्रत यापुढे कंपनीकडून न घेता माझ्याकडून घ्या. त्यांनी तसे केले. वापरणाऱ्याला काहीच फरक जाणवला नाही, कारण दोन्ही याद्या सारख्याच होत्या. अमेरिकी सरकारला मात्र चांगलाच जाणवला. ही एक चाचणी होती, असे सांगून पोस्टेल यांना सगळे पूर्ववत करावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस आयकॅन ही ना-नफा संस्था स्थापन झाली आणि ऑक्टोबरात पोस्टेल वारले.

आयकॅनने १९९९ मध्ये किरकोळ विक्रीत स्पर्धा आणली आणि भाव उतरले. पण ठोक व्यापारी एकच राहिला. कॉमची नोंदवही आजही व्हेरिसाइन या एकाच कंपनीकडे आहे. तीत १५ कोटींहून अधिक नावे आहेत. दर नावामागे वर्षाला ठोक भाव १९९९ च्या करारात सहा डॉलर ठरला होता, २०२४ मध्ये तो १०.२६ डॉलर झाला. संगणकांची साठवण आणि गती या काळात किती स्वस्त झाली हे वाचकांना ठाऊक आहेच.

दुसरे भांडण नावांचेच. व्यापारचिन्हाच्या कायद्यात 'अशोक' साबण आणि 'अशोक' सायकल सुखाने नांदू शकतात, कारण गिऱ्हाईक फसत नाही. पण 'अशोक डॉट कॉम' एकालाच मिळणार. शिवाय अशोक हे झाडाचे, सम्राटाचे आणि आपल्या वर्गातल्या मुलाचेही नाव आहे. सरळ फसवणूक असेल तिथे निकाल सोपा: १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ'च्या तक्रारीवरून 'रॅडिफ' या नावाला मनाई केली, आणि डोमेन नाव हे नुसत्या पत्त्याहून अधिक आहे, त्याला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण हवे, असे म्हटले. पण ॲमेझॉन हे नाव कंपनीचे की नदीचे? २०१२ मध्ये कंपनीने 'डॉट ॲमेझॉन' मागितले. ब्राझील आणि पेरू यांनी हरकत घेतली. सात वर्षांच्या घोळानंतर, २०१९ मध्ये, आयकॅनचा कौल कंपनीच्या बाजूने गेला. मला तो पटलेला नाही. नदीला अर्ज करता येत नाही, एवढाच तिचा दोष.

आता ऑर्ग. २०१९ च्या जूनअखेरीस आयकॅनने ऑर्गच्या करारातली किमतीवरची कमाल मर्यादा काढून टाकली. सूचना मागवल्या तेव्हा आलेल्या तीन हजारांहून अधिक पत्रांपैकी बहुतेक विरोधात होती. नोव्हेंबरात जाहीर झाले, की ऑर्गची नोंदवही चालवणारी ना-नफा संस्था ११३.५ कोटी डॉलरना इथॉस कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला विकली जाणार. आयकॅनचे एक माजी प्रमुख या कंपनीचे सल्लागार होते, हे कळल्यावर तर गदारोळच झाला. ऑर्गवर तेव्हा सुमारे एक कोटी नावे होती: रुग्णालये, ग्रंथालये, मदतसंस्था, शिक्षकांची मंडळे.

विक्रीच्या बाजूनेही म्हणणे होते. मिळणाऱ्या पैशातून इंटरनेट सोसायटीच्या कामाला कायमचा निधी उभा राहिला असता. पण किमतीतला ३६ कोटी डॉलरचा भाग कर्जाऊ होता आणि ते कर्ज नोंदवहीच्याच माथी बसणार होते. ते फेडायचे कोणी? अर्थात नावे धारण करणाऱ्यांनी. वर्षानुवर्षे छापलेला पत्ता कोणी सहजासहजी सोडत नाही, हेच या धंद्याचे भांडवल. कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी एप्रिल २०२० मध्ये विरोधाचे पत्र लिहिले आणि ३० एप्रिलला आयकॅनने विक्रीला संमती नाकारली. किमतीची मर्यादा मात्र त्या निर्णयाने परत आली नाही.

म्हणजे नाव विकत मिळत नाही, ते मुदतीच्या पट्ट्याने मिळते, तेही एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांच्या. आमच्या मंडळाने नवा पत्ता घेतला आहे. शुल्क पाच वर्षांचे एकदम भरले आणि सूचना आता तीन जणांच्या नावे येतात. तक्त्यांवर चिकटवायच्या नव्या पत्त्याच्या पट्ट्या मात्र अजून सगळ्या शाळांत पोचलेल्या नाहीत.