शुद्ध आली, पण ताकद?

पूर्ण भूल म्हणजे एकच औषध नव्हे. झोपेचं वेगळं, वेदना थांबवणारं वेगळं, स्नायू सैल पाडणारं वेगळं. प्रत्येकाचा अंमल उतरायची वेळही वेगळी. त्यामुळे पेशंट डोळे उघडतो, स्वतःचं नाव सांगतो, तरी पापण्या जड, एकाचे दोन दिसतात, गिळता येत नाही, खोकला जोरात निघत नाही, असं होऊ शकतं. नातेवाइकांना ती गुंगी वाटते. असते मात्र तिसऱ्या औषधाची शिल्लक.

हे औषध आलं क्युरारेमधून, म्हणजे दक्षिण अमेरिकेतले शिकारी बाणांना लावत त्या विषातून. माँट्रियलमध्ये २३ जानेवारी १९४२ रोजी हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी ते भुलेत वापरलं. आज बहुधा रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम किंवा अ‍ॅट्राक्युरियम असतं.

नसेच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन सुटतं, स्नायूवरच्या ठरलेल्या जागांवर बसतं आणि स्नायू आखडतो. औषध त्याच जागा अडवतं, काम मात्र काहीच करत नाही. एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल जसा. शंभरातल्या सत्तर-पंचाहत्तर जागा अडलेल्या असल्या तरी स्नायूच्या एकट्या हिसक्यात फरक दिसत नाही. सगळी फसगत इथेच आहे.

त्यात सगळे स्नायू एकदम सावरत नाहीत. श्वासपटल चिवट, ते लवकर कामाला लागतं. घशाचे स्नायू मागे राहतात. म्हणजे श्वास छान चाललेला असतो आणि लाळ मात्र चुकीच्या वाटेने फुप्फुसात उतरू शकते. ‘डोकं उचला, पाच सेकंद धरा’ ही जुनी परीक्षा अशा पेशंटलाही जमून जाते, म्हणून तेवढ्यावर विसंबणं मला धाडसाचं वाटतं.

खात्री करायची तर मोजावं लागतं. मनगटाशी, करंगळीच्या बाजूच्या नसेवर दोन चिकटपट्ट्या लावतात आणि दोन सेकंदांत चार हलके विजेचे झटके देतात. अंगठा चारदा हलतो. औषध शिल्लक असेल तर चौथी हालचाल पहिलीपेक्षा मंद. ती पहिलीच्या किमान ९० टक्के झाल्याशिवाय श्वासाची नळी काढू नये. नुसत्या नजरेला ४० टक्क्यांच्या पुढे चारही सारख्याच दिसतात, त्यामुळे आकडा दाखवणारं यंत्र हवं.

उतारे दोन. निओस्टिग्मिन अ‍ॅसिटिलकोलीनचं विघटन रोखतं, त्यामुळे त्याचं प्रमाण वाढून ते जागा परत मिळवतं. अंमल गाढ असेल तर हा उपाय तोकडा पडतो. शिवाय नाडी मंदावते, म्हणून जोडीला ग्लायकोपायरोलेट देतात. युरोपात २००८ साली आणि अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळालेलं सुगामाडेक्स रोक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियमच्या रेणूलाच कवेत घेऊन निकामी करतं. अ‍ॅट्राक्युरियमवर त्याचा उपयोग नाही. ते दिल्यावर गर्भनिरोधक गोळ्यांवर सात दिवस विसंबता येत नाही, हे बायकांना आवर्जून सांगायला हवं.

स्कोलिन हेही स्नायू सैल पाडणारंच औषध, पण त्याची गोष्ट निराळी. ते रक्तातल्या एका एन्झाइममुळे काही मिनिटांत संपतं. ज्यांच्यात ते एन्झाइम जन्मतः सदोष असतं त्यांना तास न् तास हालचाल करता येत नाही. आर्य वैश्य समाजात हा दोष तुलनेने जास्त आढळतो. असं झालं तर घाई न करता पेशंटला झोपेत आणि व्हेंटिलेटरवर ठेवून वाट पाहायची. पुढे डिस्चार्ज कार्डावर ठळक नोंद करून घ्यावी, सख्ख्या भावंडांची रक्ततपासणी करावी आणि पुढच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाला ते कार्ड दाखवावं.